पहिल्या पानाचा मान

१

मंगळवारी सकाळी वकीलबाईंनी हिरव्या फितीची फाईल मागवली आणि ती जागेवर नव्हती.

पहिला अर्धा तास कुणी मनावर घेतलं नाही. वकिलांच्या ऑफिसात फायली हरवत नाहीत, त्या दुसऱ्याच्या टेबलावर सापडतात. पण दुपारपर्यंत सगळी टेबलं झाली, कपाटं झाली, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्याच्या गाद्याही उचलून झाल्या. तेव्हा वकीलबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली.

फाईल औषधांच्या कारखान्याची होती. मालक दोन सख्खे भाऊ. भांडणापायी कारखाना आठ महिने बंद, सहाशे कामगार घरी. वकीलबाईंनी चार महिने खपून दोघांना एका कागदावर आणलं. कारखाना मोडायचा नाही, यंत्रं तीच ठेवायची. महिन्याचे पहिले पंधरा दिवस थोरल्याची औषधं बनतील, पुढचे पंधरा धाकट्याची. करारात याला 'पाळीपद्धत' असा शब्द होता. थोरल्याने अंथरुणावरूनच सही केली आणि नवव्या दिवशी तो गेला. त्याची मुलं काकाचं तोंड पाहायला तयार नव्हती, त्यामुळे पुन्हा सह्या मिळणं शक्य नव्हतं. मूळ करार येत्या शुक्रवारी दुपारी चारच्या आत नोंदणी कार्यालयात हजर करायचा होता. तिथे झेरॉक्स चालत नाही. आणि तो मूळ करार त्या फायलीत होता.

"तिजोरीत का नव्हता?" ऑफिसचे संस्थापक मोठे साहेब यांनी विचारलं.

वकीलबाईंनी खरं ते सांगितलं. नोंदणीला न्यायला सोपं जावं म्हणून गेल्या शुक्रवारी त्यांनीच तो तिजोरीतून काढून फायलीत ठेवला होता. सोमवारी त्या दुसऱ्या खटल्यात अडकल्या. त्याच शुक्रवारी चहाच्या वेळी त्यांनी सगळ्यांना बजावलंही होतं, की मूळ करार हिरव्या फायलीत आहे, कुणी हात लावू नका. हे कुणी नाकारलं नाही. त्या चहाला मोठे साहेब होते, भागीदार जहाजवाले होते, साहेबांचे भाचेबुवा होते. साहेबांच्या पत्नी तेवढ्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्या ऑफिसचा सगळा कारभार पाहत, आणि सगळे त्यांना वहिनी म्हणत.

त्या वहिनींनीच दुपारी फोन उचलला. पोलिसांना नाही, एका निवृत्त बाईंना केला.

"चार महिने दोघा भावांची मनधरणी करून हिने दिवसांची वाटणी कबूल करून घेतली," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी सगळं मातीत जाईल. बाई, काहीही करा, पण तो कागद शोधा."

२

त्या बाई एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होत्या. साक्षीदार बोलायचे आणि त्या टिपून घ्यायच्या. कोर्टात त्यांना टाचणबाई म्हणत, आणि निवृत्तीनंतरही तेच नाव राहिलं. लोक खोटं बोलतात याचं त्यांना नवल नव्हतं. नवल याचं, की खोटं बोलतानाही माणूस शब्द आपलेच वापरतो.

बुधवारी सकाळी त्या बैठकीच्या खोलीत वही उघडून बसल्या आणि एकेकाला आत बोलावू लागल्या.

तासाभरात त्यांना कळलं, की या ऑफिसला वाळवी लागली आहे आणि ती एका पुस्तकापासून लागली आहे. ऑफिसला पंचवीस वर्षं होत होती. त्या निमित्ताने आजवरच्या गाजलेल्या कामांचं देखणं पुस्तक छापून अशिलांना द्यायचं ठरलं होतं. कामं खरोखरच तऱ्हेतऱ्हेची. बंदरात तीन महिने अडकलेलं जहाज सोडवलेलं. दोन सिमेंट कंपन्या एकत्र आणलेल्या. एका खेळणीवाल्याने दुसऱ्याच्या अस्वलाचं नाक चोरलं, तो दावा. पवनचक्क्या, शीतगृहं, सिनेमाचे हक्क. आणि सगळ्यांत जुना तंटा कागद कारखान्याचा. एक यंत्र, तीन चुलतभाऊ, आणि त्यांना पाळीपाळीने कारखाना चालवायला लावणारा तोडगा. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या एका तोडग्याने मोठ्या साहेबांचं नाव झालं आणि ऑफिसचा जम बसला.

पहिल्या पानावर कुणाचं काम, यावरून गेला महिना सगळे एकमेकांशी गोड बोलत होते. ते लक्षण वाईटच. गेल्या शुक्रवारी सकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. पहिलं पान औषध कारखान्याचं आणि खाली वकीलबाईंचं नाव.

"ज्याचं काम त्याचं नाव," ते म्हणाले होते. "यापुढे आपल्याकडे हाच नियम."

जहाजवाले हे दुसऱ्या क्रमांकाचे भागीदार. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ते जहाज सोडवलं आणि तेव्हापासून ते स्वतः त्यातून उतरले नव्हते. कुठल्याही गप्पांत दुसऱ्या वाक्याला बंदर येई. त्यांनी वकीलबाईंचं तोंडभर कौतुक केलं. फार हुशार मुलगी. पाळीपद्धत काही नवी नाही म्हणा, पण जुळवून आणली छान. शनिवारी ऑफिस बंद असतं, आपण घरीच होतो, बागेला पाणी घालत होतो.

शनिवारचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते गेल्यावर टाचणबाई खाली उतरल्या आणि दारावरच्या रखवालदाराकडे शनिवारची वही मागितली. तो म्हणाला, शनिवारी येतं कोण? वहिनी तेवढ्या झाडांना पाणी घालायला येतात, त्यांचं नाव कोण लिहितंय. तरी त्याने पान काढून दिलं.

पानावर एकच नाव होतं. जहाजवाल्यांचं. आत अकरा दहाला, बाहेर साडेअकराला.

३

जहाजवाले दुसऱ्यांदा आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. टाचणबाईंनी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी नाव पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं कळेना. पुस्तकाचं प्रूफ भाचेबुवांच्या टेबलावर होतं. साठीला आलेला, नातवंडं असलेला हा माणूस वीस मिनिटं त्या टेबलाशी बसून पानांचे आकडे खोडत होता. औषधांचं पान सातवं, जहाजाचं पहिलं. छापखान्यात कुणाच्या लक्षात येणार नाही, असं त्यांना वाटलं होतं.

"अकरा वर्षं," ते खाली बघत म्हणाले. "अकरा वर्षं प्रत्येक माहितीपत्रकात पहिलं पान माझं होतं, हो. कालच्या पोरीचं नाव वर आणि माझं खाली. शुक्रवारी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

फाईल मात्र आपण घेतली नाही म्हणाले. टाचणबाईंनी प्रूफ मागवलं. आकडे खोडलेले होते. ज्याला फाईलच पळवायची तो पानांचे आकडे कशाला बदलेल? करार बुडाला असता तर ते पान पुस्तकातून आपोआप गेलंच असतं.

भाचेबुवा हे मोठ्या साहेबांच्या बहिणीचे चिरंजीव, आणि पुस्तकाचे लेखक. भागीदारी आपल्याला मिळणार असं ते आईला सहा वर्षं सांगत आले होते. ती मिळाली वकीलबाईंना, आणि यांना मिळालं पुस्तक. हे बोलून दाखवायला त्यांनी संकोच केला नाही. दुसऱ्यांच्या पराक्रमाचे पोवाडे लिहायचे, आणि त्यातही सगळ्यांत लांब पोवाडा तिचा, म्हणाले. पाळीपद्धत, पाळीपद्धत लिहून हात दुखला. हिरवी फाईल आपण गेल्या आठवड्यात बुधवारी घेतली होती आणि गुरुवारी परत दिली, सही आहे. ती होती. शनिवार-रविवार ते आईला घेऊन परगावी लग्नाला गेले होते, आणि याला साक्षीदार म्हणून अख्खी पंगत होती.

वकीलबाई शेवटी आल्या. त्यांचे डोळे सुजले होते, पण बोलणं सरळ होतं. फायलीत करार होता, पत्रं होती आणि त्यांची स्वतःची टिपणं होती.

टिपणांत काय होतं, टाचणबाईंनी विचारलं.

काही विशेष नाही, त्या म्हणाल्या. पाळीपद्धतीची जुळणी. ती कल्पना आपली नाहीच. चार महिन्यांपूर्वी त्यांनी कागद कारखान्याची जुनी फाईल वाचली आणि तिथून त्यांना दिशा मिळाली. म्हणून टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवलं होतं, 'मूळ कल्पना मोठ्या साहेबांची.' साहेबांना ते दाखवलं तेव्हा ते नुसते हसले होते.

टाचणबाईंची पेन्सिल थांबली. "ती जुनी फाईल कुठे असते?"

४

फायलींच्या खोलीत प्रत्येक कपाटावर पांढरी चिठ्ठी होती. सिमेंट, जहाज, खेळणी, औषधं. सगळ्या चिठ्ठ्या एकाच गोलसर, नीटस अक्षरात. अक्षर कुणाचं, असं टाचणबाईंनी विचारलं. वहिनींचं, वकीलबाई म्हणाल्या, या खोलीतलं सगळं त्यांनीच लावलंय.

कागद कारखाना सगळ्यांत वरच्या फळीवर होता. गुरुवारी सकाळी टाचणबाई स्वतः शिडीवर चढल्या. साठी उलटलेल्या बाईला शिडीवर पाहून खाली वकीलबाईंनी शिडी धरून ठेवली. त्या फळीवर आठ फायली होत्या. सात फायलींवर बोट फिरवलं की रेघ उमटत होती. आठवीवर धूळ नव्हती.

त्यांनी ती खाली आणून फीत सोडली. जुने पिवळे कागद, टाईप केलेला निवाडा. आणि त्यांच्यामध्ये एक नवंकोरं प्लास्टिकचं पाकीट.

वकीलबाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं. आत दोन भावांच्या सह्या होत्या. थोरल्याची थरथरती, ओळीबाहेर गेलेली.

त्या भिंतीला टेकल्या. टाचणबाई तेवढ्यात जुनी फाईल पान-पान उलटत होत्या. सगळ्यांत तळाला एक चतकोर कागद होता, हाताने लिहिलेला, सही नसलेला. त्यांनी तो दोनदा वाचला, वहीत उतरवून घेतला आणि परत होता तिथे ठेवला.

त्याच दुपारी करार नोंदणी कार्यालयात पोचला. ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पण पाच वाजता बैठकीच्या खोलीत जहाजवाल्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, एक गोष्ट कुणीतरी बोलायला हवी. कागद कारखान्याची फाईल उघडणारं माणूस या ऑफिसात एकच आहे. वकीलबाई. म्हणजे करार कुणी चोरला नव्हता. त्यांनीच हलगर्जीपणाने भलत्या फायलीत घातला, हिरवी फाईल कुठेतरी टाकली आणि तीन दिवस सगळ्यांना वेठीस धरलं. अशा माणसाकडे भागीदारी ठेवायची का?

भाचेबुवांनी मान डोलावली. मोठे साहेब गप्प होते. त्यांचं गप्प राहणं वकीलबाईंना जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी राजीनामा देते."

वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. "कागद मिळाला ना," त्या टाचणबाईंना हळूच म्हणाल्या, "आता पुरे करा, बाई. उगीच खोदत बसण्यात काय अर्थ?"

ज्या बाईने बोलावलं, तीच आता जा म्हणत होती.

५

शुक्रवारी सकाळी नऊला टाचणबाई वहिनींच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. खोली लहान होती. ऑफिसचं सगळं तिथून चालत होतं: किल्ल्या, हजेरी, चहाची साखर, कोण कुठल्या कोर्टात.

टाचणबाई खुर्चीत बसल्या आणि कुणाची तरी साक्ष वाचून दाखवावी तशा एका सुरात बोलू लागल्या.

करार बुडवायचा असता तर कुणी तो फाडला असता, जाळला असता. जुन्या फायलीत कुणी लपवत नाही. तो तिथे गेला चुकून. कुणीतरी दोन्ही फायली एका टेबलावर उघडून शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या, एकीतलं वाचून दुसरीत बघत होतं. आवरताना एक पाकीट भलतीकडे गेलं. वकीलबाईंच्या हातून हे होणार नाही. त्या पाकिटात त्यांचा जीव होता. ज्यांना गेल्या शुक्रवारी चहाच्या वेळी बजावून सांगितलं होतं त्यांच्याही हातून नाही. त्यांनी ते पाकीट पाहताच ओळखलं असतं. ज्याला ते सांगितलंच गेलं नव्हतं, अशा माणसाला ते इतर कागदांसारखंच वाटलं. मंगळवारी त्या माणसाला कळलं की त्यात काय होतं. हिरवी फाईल त्याच्याकडे होती, पण पाकीट तिच्यात नव्हतं. कुठे गेलं ते आठवेना, आणि विचारायचं तर चोरी कबूल करावी लागणार. म्हणून त्याने शोधणाऱ्याला बोलावलं.

वहिनी टेबलावरची स्टँपची पेटी सरळ करत होत्या. ती सरळच होती.

"तुम्ही मला फोनवर 'दिवसांची वाटणी' म्हणालात," टाचणबाई म्हणाल्या. "बाकी सगळे पाळीपद्धत म्हणतात. करारात तेच आहे, पुस्तकात तेच आहे. तुमचे शब्द मला एकाच ठिकाणी सापडले. कागद कारखान्याच्या फायलीच्या तळाशी. 'यंत्र वाटता येत नाही. दिवस वाटता येतात. दिवसांची वाटणी करा.' गोलसर अक्षर आहे, वहिनी. कपाटांवर तेच अक्षर आहे."

बाहेर कुणीतरी फोनवर तारीख मागत होतं.

वहिनींनी खालचा खण उघडला. हिरवी फाईल आत होती, एकही पान दुमडलेलं नव्हतं.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. वकिलीची सनद त्यांनी आणि मोठ्या साहेबांनी एकाच वर्षी घेतली होती. कागद कारखान्याचे तीन चुलतभाऊ सहा बैठका होऊनही ऐकेनात, तेव्हा एका दुपारी भाजी निवडता निवडता त्यांना ते सुचलं. पिशवीतला कागद फाडून लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं नाव वर्तमानपत्रात आलं. मग कामं वाढली, ऑफिस कुणीतरी सांभाळायला हवं होतं, आणि त्यांनी काळा कोट ट्रंकेत ठेवला. त्याचं दुःख केलं नाही, म्हणाल्या. खरंच केलं नाही.

"पण त्या दिवशी हे सगळ्यांसमोर म्हणाले, ज्याचं काम त्याचं नाव. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बावीस वर्षांनी नियम केला, आणि तो तिच्यासाठी." त्यांचा आवाज चढला नाही. "शनिवारी मी झाडांना पाणी घालायला आले. तिने माझं किती घेतलंय ते बघावं म्हटलं. पहिलीच ओळ, 'मूळ कल्पना मोठ्या साहेबांची.' ती त्यांना मान देते, ते तिला मान देतात, आणि वस्तू माझी. फाईल पिशवीत कधी घातली, बाई, ते मला कळलं नाही. पुस्तकासाठी टिपणं मागतील आणि मिळणार नाहीत, एवढंच मनात होतं. कारखाना बुडवायचा नव्हता हो मला."

"ते मला ठाऊक आहे," टाचणबाई म्हणाल्या. "पण दहा वाजता ती मुलगी राजीनामा देणार आहे."

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं.

६

बैठकीच्या खोलीत वहिनींनी हिरवी फाईल टेबलावर ठेवली आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. चतकोर कागदाचंही सांगितलं. जहाजवाले खिडकीबाहेर बघू लागले.

वकीलबाईंनी राजीनाम्याचा कागद हातात तसाच धरला होता. त्या वहिनींच्या गळ्यात पडल्या नाहीत. "माझ्या टिपणातली पहिली ओळ चुकीची होती, ती मी दुरुस्त करते," त्या म्हणाल्या. "पण काल संध्याकाळी सगळे मला हलगर्जी ठरवत होते आणि तुम्ही खिडकीशी उभ्या होतात. ते मी विसरेन असं आत्ता तरी वाटत नाही."

"विसरू नकोस," वहिनी म्हणाल्या.

मोठे साहेब पत्नीकडे वळले. "ती कल्पना तुझी होती, हे मी कधी नाकारलं का? घरात सगळ्यांना माहीत आहे."

"घरात," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. रागाने आपटल्या नाहीत, नीट ठेवल्या, कुठली कुठल्या कपाटाची ते भाचेबुवांना समजावलं आणि मग बाहेर गेल्या.

महिन्याच्या आत औषध कारखाना सुरू झाला. पहिले पंधरा दिवस थोरल्याच्या मुलांनी यंत्रं चालवली. पुस्तक मात्र लांबलं, कारण कागद कारखान्याचं पान नव्याने लिहायचं होतं, आणि मोठ्या साहेबांनी ते भाचेबुवांना लिहू दिलं नाही. ते स्वतः लिहायला बसत आणि दोन ओळींपुढे जात नसत.

वहिनींनी सनद पुन्हा सुरू करून घेतली. दोन गल्ल्या पलीकडे एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर एक खोली भाड्याने मिळाली. चौपन्नाव्या वर्षी कोण येणार यांच्याकडे, असं जहाजवाले म्हणाले.

पावणेदोन वर्षांनी शीतगृहांच्या एका भांडणात समोरच्या पक्षाची नोटीस आली. वकीलबाईंनी ती वाचली, परत वाचली आणि मोठ्या साहेबांसमोर ठेवली. तीन पानांची नोटीस. पळवाटा एकेक करून बुजवलेल्या. आणि शेवटच्या परिच्छेदात तडजोडीची अशी एक वाट, जी या ऑफिसात कुणालाच सुचली नव्हती. खाली वहिनींची सही होती.

मोठ्या साहेबांनी लाल पेन्सिल घेतली आणि चूक शोधायला सुरुवात केली. दुपार गेली. पेन्सिल कागदाला लागली नाही. इतकी वर्षं लोक आपल्या कामाकडे बघून जो हेवा गिळत आले असतील, तो आज पहिल्यांदा आपल्या वाट्याला आला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

घरी जेवताना त्यांनी बराच वेळ भात चिवडला. शेवटी न राहवून विचारलं, "तो शेवटचा परिच्छेद. ते तुला सुचलं कसं?"

वहिनींनी त्यांच्या ताटात वरण वाढलं.

"समोरच्या पक्षाच्या वकिलाला मी ते कसं सांगू?" त्या म्हणाल्या.